नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाने खरंच तीन रांगांत बंदुका चालवल्या होत्या का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. १५७५ च्या या लढाईत जपानी सरदार नोबुनागाने ३,००० बंदूकधारी हजार-हजारांच्या तीन रांगांत उभे केले आणि पाळीपाळीने बार काढत ताकेदा घराण्याचं घोडदळ संपवलं, हे खरं का? आणि जपानला गेल्यावर ते रणांगण बघण्यासारखं आहे का?

बंदुका होत्या, लाकडी कुंपण होतं, विजयही निर्णायक होता. तीन रांगांच्या पाळीला मात्र समकालीन पुरावा नाही.

नोबुनागाच्या पदरी असलेल्या ओता ग्युइचीने 'शिन्चो कोकी' लिहिली. तीच या लढाईची सगळ्यात भरवशाची हकीकत. तिच्यात पाच सरदारांच्या हाताखाली सुमारे हजार बंदुका असल्याचं येतं (या पाचांत सास्सा नारिमासा आणि माएदा तोशिइए आहेत). एका हस्तलिखितात या हजाराला 'तीन' मागाहून जोडून तीन हजार केलेले दिसतात. शिवाय वेगळ्या तुकडीबरोबर पाठवलेल्या ५०० बंदुका धराव्या लागतात. पाळीपाळीने बार काढल्याचा उल्लेख ग्युइचीत कुठेच नाही. तो येतो ओझे होआनच्या पुस्तकात, १७व्या शतकाच्या सुरुवातीला, आणि होआन हा रंगवून सांगणारा लेखक. पुढे १९०३ च्या सुमारास जपानी लष्कराच्या मुख्यालयाने आपल्या युद्धेतिहासात तेच उचललं आणि तिथून ते शालेय पुस्तकांत पोचलं. गेल्या काही दशकांत जपानी अभ्यासकांनीच ही कथा खोडायला घेतली. वाद अजून चालू आहे, पण 'हजारांची एकदम सरबत्ती' आता फार कोणी जसंच्या तसं मानत नाही.

कागदपत्रं बाजूला ठेवली तरी ही तोड्याची बंदूक कशी चालायची ते पाहिल्यावर शंका येतेच. नळीत दारू ओतायची, वरून शिशाची गोळी टाकायची, गजाने ठासायची. गज जागेवर ठेवून नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीत रंजक, म्हणजे आधी पेटणारी बारीक दारू, घालायची आणि तिचं झाकण बंद करायचं. मग पेटता तोडा, म्हणजे धुमसती दोरी, फुंकर मारून निखारा लाल करायचा आणि चिमट्यात बसवायचा. नेम धरायचा, झाकण उघडायचं, चाप ओढायचा. सरावलेल्या माणसालाही यासाठी वीस ते तीस सेकंद लागतात. पायदळाच्या नेहमीच्या बंदुकीची गोळी सहा मोम्मे वजनाची, म्हणजे साधारण साडेबावीस ग्रॅम. नळीचं तोंड जेमतेम सोळा मिलिमीटर. चिलखत भेदण्याची खात्री धरायची तर शत्रू पन्नासेक मीटरच्या आत यावा लागतो.

बिघडण्याजोगं बरंच काही असतं. झाकण नीट बसलं नाही तर रंजक सांडते किंवा ओलसर होते. तोड्यावर राख साचली की ठिणगी पोचत नाही. रंजक पेटते, पण वाटीतून नळीत जाणारं छिद्र काजळीने बुजलेलं असेल तर आतली दारू पेटत नाही. काही बार झाले की नळीत काजळीचा थर बसतो आणि गोळी अर्ध्यात अडकते; म्हणून बंदूकधारी थोड्या लहान मापाच्या गोळ्याही जवळ ठेवत. आणि पेटता तोडा हातात असताना शेजारी कोणी दारू ओतत असेल तर दोघांत अंतर हवंच.

माणसामागे एक मीटर धरला तर हजारांची एक रांग एक किलोमीटर लांब होते. मध्ये टेकड्यांचे उंचवटे, आणि पहिल्या बारानंतर धूर. अशा रांगेला एकाच हुकुमावर बार काढायला लावणं हे ऐकायलाच छान. त्यात हे बंदूकधारी एका फौजेचे नव्हतेच. यामातोच्या त्सुत्सुइ जुन्केइने पन्नासेक माणसं पाठवल्याची नोंद नाराच्या मठातल्या रोजनिशीत आहे, होसोकावा फुजिताकाकडूनही माणसं मागवली होती. अशी गोळा केलेली माणसं चार दिवसांत पाळीची कवायत शिकणार कुठून? लहान टोळ्यांनी कुंपणाआडून, ज्याची बंदूक भरली त्याने बार काढायचा, हेच जास्त संभवतं. माझ्या मते तसंच झालं.

मग नोबुनागा जिंकला कसा? इथे बंदुकांपेक्षा जागेची निवड मोठी. १५७५ मध्ये ताकेदा कात्सुयोरीने सुमारे १५,००० फौजेनिशी मिकावा प्रांतातल्या नागाशिनो किल्ल्याला वेढा घातला होता. आत ओकुदाइरा सादामासाची पाचेकशे माणसं. नोबुनागा आणि त्याचा मित्र तोकुगावा इएयासु मिळून ३८,००० च्या आसपास आले, पण सरळ वेढ्यावर गेले नाहीत. किल्ल्याच्या पश्चिमेला शितारागाहाराच्या खोलगट भागात, शत्रूला पूर्ण संख्या दिसणार नाही अशी फौज ठेवून, रेन्गो ओढ्याच्या काठी त्यांनी कुंपण उभारलं. आदल्या दिवशीच्या पत्रात कात्सुयोरी लिहितो की शत्रूला काही सुचेनासं झालं आहे. सापळा लागू पडला होता.

त्याच रात्री इएयासुचा सरदार साकाइ तादात्सुगु याची सुमारे ४,००० ची तुकडी, त्या ५०० बंदुकांसह, दक्षिणेच्या डोंगरातून वळसा घालून निघाली. २८ जूनच्या सकाळी तिने वेढ्याचं तोबिगासुयामा ठाणं घेतलं. आता कात्सुयोरीच्या पाठीशी शत्रू, समोर कुंपण, मध्ये पावसाळी चिखल. ताकेदांचा सरदार यामागाता मासाकागे याच्यापासून एकामागून एक तुकड्या पुढे आल्या आणि मोडल्या. लढाई दुपारपर्यंत चालली. बाबा नोबुहारु, नाइतो, सानादा बंधू असे जुने सरदार एका दिवसात गेले. हे नुकसान ताकेदांना कधीच भरून काढता आलं नाही, तरी घराणं बुडायला १५८२ उजाडलं.

'घोडदळाची लाट' हेही जपून घ्या. त्या काळचे जपानी घोडे खांद्याशी जेमतेम १३० सेंटिमीटरचे, आणि घोड्यावरच्या सामुराईबरोबर पायी चालणारी माणसं असत.

आणखी एक. या बंदुका १५४३ च्या सुमारास तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर आल्या. तो नमुना गोव्याच्या पोर्तुगीज कारखान्यांतल्या बंदुकांच्या जातीचा असावा, असं काही शस्त्र-अभ्यासक मानतात. त्यामुळे गोवेकरांना यात थोडा हक्क सांगता येईल.

रणांगण जरूर बघा. आइची प्रांतातल्या शिन्शिरो शहरात आहे. तोयोहाशीहून जेआर रेल्वेच्या इइदा मार्गाने मिकावा-तोगो स्थानकावर उतरा. तिथून पायी जाण्याच्या अंतरावर पुन्हा उभारलेलं कुंपण आणि शितारागाहाराचं संग्रहालय आहे. बरेच जण नुसते नागाशिनोजो स्थानकाजवळचा किल्ला बघून परततात, पण मुख्य लढाई तिथे झाली नाही. जमल्यास जुलैच्या सुरुवातीला जा, तेव्हा रणांगणावरच्या उत्सवात तोड्याच्या बंदुका प्रत्यक्ष उडवून दाखवतात. घड्याळ लावून दोन बारांमधला वेळ मोजा.