कोणाला काय हवे आहे, ते आधी लिही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

‘फ्रेझर’ या अमेरिकन मालिकेतले जो कीनन यांनी लिहिलेले सर्वांत चांगले भाग कोणते आणि कुडाळच्या स्पर्धेसाठी त्यांतून काय शिकता येईल, हे तू विचारले आहेस. पण सोबत पाठवलेली एकांकिका वाचल्यावर तुझा खरा गोंधळ माझ्या लक्षात आला. दर दुसऱ्या वाक्याला तू हशा मागितला आहेस आणि जिथे तो सापडला नाही तिथे मालवणी शिवी घातली आहेस. हल्लीच्या प्रेक्षकाला सतत पंच, म्हणजे हशा पिकवणारी वाक्ये लागतात, असे तुला कोणीतरी सांगितले आहे. हे वाक्य मी फार वर्षे ऐकत आले आहे आणि ते मला आजही मान्य नाही.

आधी भाग सांगते. ‘द मॅचमेकर’ (१९९४), ‘द टू मिसेस क्रेन्स’ (१९९६) आणि ‘द स्की लॉज’ (१९९८) हे तीन पाहा. १९९३ ते २००४ या काळात मालिकेचे २६४ भाग झाले आणि १९९४ पासून सलग पाच वर्षे तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला, पण तुझ्या कामाला हे तीन पुरेसे आहेत. तिन्ही दोनदा पाहा आणि दुसऱ्या वेळी हातात कागद घेऊन बस. त्यावर विनोद उतरवू नकोस. प्रत्येक पात्राच्या नावासमोर त्याला काय हवे आहे, एवढेच लिही.

‘द स्की लॉज’चा कागद कसा होतो ते बघ. फ्रेझर हा रेडिओवर सल्ला देणारा मानसोपचारतज्ज्ञ आणि डॅफ्नी ही त्याच्या वडिलांची, मार्टिनची, काळजी घेणारी. फ्रेझरला डॅफ्नीची मैत्रीण अ‍ॅनी हवी आहे. अ‍ॅनीला फ्रेझरचा भाऊ नाइल्स हवा आहे. नाइल्सला डॅफ्नी हवी आहे, डॅफ्नीला स्की शिकवणारा फ्रेंच गी हवा आहे आणि गीला नाइल्स हवा आहे. डोंगरातल्या उंचीमुळे म्हाताऱ्या मार्टिनच्या कानांत दडे बसले आहेत, त्यामुळे कोण कोणाकडे ओढले गेले आहे याची जी माहिती त्या घरात फिरते ती अर्धवट आणि चुकीची आहे. झाले, भाग इथेच तयार झाला. पुढे रात्री खोल्यांची दारे उघडतात आणि मिटतात, तेव्हा प्रत्येक माणूस स्वतःच्या समजुतीप्रमाणे अगदी शहाणपणाने वागत असतो. एकही जण विनोद करायला त्या खोलीत जात नाही. शेवटी सगळा उलगडा होतो आणि आपण कोणालाच हवे नव्हतो हे फ्रेझरला कळते. त्या वेळी जो हशा येतो त्यात दुःखही आहे, कारण त्याची इच्छा आपण पहिल्या पाच मिनिटांपासून ओळखत असतो. तो हशा वाक्यातून आलेला नाही. कोणाला काय हवे होते हे आपल्याला ठाऊक होते, म्हणून तो आला.

‘द टू मिसेस क्रेन्स’ मला त्याहून अवघड वाटतो. डॅफ्नीचा जुना नियोजित वर क्लाइव्ह इंग्लंडहून येतो. त्याला टाळायचे म्हणून ती नाइल्सला नवरा म्हणून उभा करते, आणि नाइल्स तर तिच्यावर मनोमन प्रेम करणारा, त्यामुळे त्याला हे खोटे संपूच नये असे वाटते. मग फ्रेझरच्या बायकोचा प्रश्न निघतो आणि त्याच्या रेडिओ कार्यक्रमाची निर्माती रॉझ हिला फ्रेझरची बायको ‘मॅरिस’ व्हावे लागते. (खरी मॅरिस ही नाइल्सची बायको, जिचा चेहरा संपूर्ण मालिकेत एकदाही दिसत नाही.) एवढे कोणीही रचू शकले असते. कीनन यांची खरी करामत पुढे आहे. क्लाइव्ह आता कर्तबगार झाला आहे हे डॅफ्नीला कळते आणि तिला तो परत हवासा वाटू लागतो. ज्या खोट्याने तिला वाचवायचे होते तेच तिच्या वाटेत उभे राहते. गरज मध्यावर उलटली, माणसे तीच राहिली आणि प्रसंगाचा जोर दुप्पट झाला. जाहिराती वगळता बावीस-तेवीस मिनिटांत हे बसवणे म्हणजे काय, ते लिहून बघितल्याशिवाय कळणार नाही.

‘द मॅचमेकर’मध्ये रेडिओ केंद्राचा नवा प्रमुख टॉम याला फ्रेझर डॅफ्नीसाठी घरी जेवायला बोलावतो. टॉम समलिंगी आहे आणि फ्रेझरला आपल्यात रस आहे असे त्याला वाटते. फ्रेझरचे प्रत्येक वाक्य डॅफ्नीसाठी होते आणि टॉमने ते स्वतःसाठी ऐकले. दोघांच्याही बाजूने ते वाक्य बरोबरच आहे. हशा टॉमवर काढलेला नाही, हेही नीट बघ. एखाद्याला हिणवून टाळी घेण्याची सवय तुमच्या पिढीलाही लागते आहे आणि त्याचा मला राग येतो.

‘द सील हू केम टू डिनर’ (१९९८) हा भाग वेळ मिळाल्यास पाहा. समुद्रकाठच्या घरी मेजवानी आहे आणि मेलेला सील, म्हणजे तो समुद्री प्राणी, किनाऱ्याला लागला आहे. ते त्याला पाण्यात ढकलतात आणि समुद्र त्याला परत आणून टाकतो. भरती-ओहोटी पाहत वाढलेल्या तुला ते आधीच कळेल, तरीही तू हसशील.

एकाच लेखकाला श्रेय कसे द्यायचे, हा तुझा आक्षेप रास्त आहे. तिकडे संहितेवर एकाचे नाव असले तरी लेखकांच्या खोलीत अनेकांचा हात फिरतो. ‘मून डान्स’ या १९९६ च्या भागावर तर कीनन यांच्यासह बऱ्याच जणांची नावे आहेत. पण संवाद दहा जणांनी घासले तरी कोणाला काय हवे आहे याची वीण पहिल्या मांडणीतच पक्की व्हावी लागते, आणि या तीन भागांत ती एकाच डोक्यातून आल्यासारखी दिसते. कादंबरीतही कीनन यांनी प्रहसनाचीच वाट धरली होती. म्हणून मी त्यांचे नाव घेते.

माझ्याविषयी थोडे लिहिते, कारण तू विचारलेस की मी मालिका का लिहिली नाही. मुंबईच्या एका निर्मितीसंस्थेने मला बोलावले होते. पानाला तीन विनोद हवेत, अशी त्यांची अट होती. मी पात्रांच्या गरजा मांडून दिल्या, त्यांनी ते पान बाजूला ठेवले आणि मी ते काम सोडले. पुन्हा कोणी बोलावले नाही. अर्ध्या तासाचा तो घाट आपल्या हातून कधी लिहिला गेला नाही याची खंत मला आहे आणि ती राहील. हट्टापायी संधी घालवली, असे घरचे आजही म्हणतात. पण ती अट मान्य केली असती तर आज तुला हे पत्र लिहिण्याचा अधिकार मला उरला नसता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

हे सगळे परदेशी आहे, असे म्हणू नकोस. तुझ्या गावच्या जत्रेत दशावतार उभा राहतो तेव्हा नटांच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. आख्यान ठरते आणि बोलणे आयत्या वेळी रचले जाते. तरीही पहाटेपर्यंत माणसे उठत नाहीत, कारण राजाला काय हवे आणि राक्षसाला काय हवे हे रंगमंचावरच्या प्रत्येकाला पक्के ठाऊक असते. संवाद नंतर येतात. नेहमी नंतरच येतात.

आता तुझी एकांकिका. गणपतीला आलेला तुझा चाकरमानी पंचवीस मिनिटे बोलतो, पण तो कशासाठी आला आहे हे मला शेवटपर्यंत कळले नाही. समज, त्याला घर विकायचे आहे आणि सातबारावर नावे असलेल्या सगळ्या भाऊबंदांच्या सह्या विसर्जनाआधी हव्या आहेत. काकीला वाटते की तो लग्नाची बोलणी करायला आला आहे आणि तिला त्याला गावात अडकवून ठेवायचे आहे. धाकट्या चुलत्याला त्याच घरात खानावळ काढायची आहे. मग चहाची कपबशी पुढे केली तरी हशा येईल आणि तुला एकही शिवी लागणार नाही. ही माझी मांडणी उचलू नकोस, तुझी स्वतःची शोध. तुझा कान चांगला आहे. काकीची दोन वाक्ये वाचून मी थबकले होते, म्हणून तर इतके लिहिते आहे.

स्पर्धेची तारीख जवळ आली आहे हे मला माहीत आहे. तरीही पुढच्या टपालाने मला संवाद पाठवू नकोस. एका पानावर सगळ्या पात्रांची नावे, प्रत्येकासमोर त्याला काय हवे आहे आणि त्याच्या खाली त्याचा काय गैरसमज झाला आहे, एवढेच पाठव. नावासमोरची जागा रिकामी राहिली तर ते पात्र काढून टाक, मग ते तुझ्या मैत्रिणीसाठी लिहिलेले असले तरी.

तुझी,
मावशी