त्याची भूक आणि तुझी भूक

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची आहे. रक्तपिपासू (व्हॅम्पायर) नायकांच्या प्रेमकथा मी अधाशासारख्या वाचते. त्यांतल्या मुली प्रेमात पडल्या की जेवणखाण विसरतात, आणि नायकाने चावा घेतला की आणखीच देखण्या होतात. गेले काही महिने मी दुपारी जेवत नाही. भूक मारता आली की आपण चारचौघींसारख्या नाही असं वाटतं. सारखी थंडी वाजते, पाळीही बंद झाली आहे. हे पुस्तकांमुळे झालं का? वाचणं सोडू का?

उत्तर : आधी डॉक्टरांकडे जा, याच आठवड्यात. अंगाला अन्न पुरेनासं झालं की पाळी थांबते, हातपाय गार पडतात, नाडी मंदावते. नाडी, रक्तदाब आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घे. ‘वजन तर ठीक आहे’ म्हणून कुणी परत पाठवलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. खाण्याचे विकार कुठल्याही वजनाच्या माणसाला होतात. आणि जाताना घरातलं कुणीतरी सोबत ने, म्हणजे तुला हे एकटीला लपवत बसावं लागणार नाही.

आता पुस्तकं. एखादी कादंबरी वाचून हा आजार जडत नाही. त्यामागे आनुवंशिकता असते, काळजीचा स्वभाव असतो, बरंच काही असतं. पण या कथांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती नीट बघ. सज्जन रक्तपिपासू कोण? जो भूक आवरतो तो. त्याची भूक सुटली तर समोरचा माणूस जिवानिशी जातो, म्हणून त्याचा संयम थोर. तुझ्या भुकेने कुणाचा जीव जातो गं? त्याची कसोटी तू स्वतःला लावून घेतली आहेस.

शिवाय त्या रक्तपिपासूंची ती थंडगार, फिकट कातडी! १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला. ते उन्हाळ्यातही गारठायचे, चिडचिडे झाले, दिवसरात्र जेवणाचाच विचार करायचे. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. भूक मारून कुणी तिच्यावर मात केली नाही, उलट तीच डोक्यात जाऊन बसली. कादंबरीत गारठा दिसतो, कंगव्यात आलेले केस दिसत नाहीत.

वाचणं सोडू नकोस. आवडती कादंबरी पेन्सिल घेऊन पुन्हा वाच आणि नायिका कुठे कुठे पोटभर जेवते तिथे खूण कर. अशा खुणा फार थोड्या होतील असा माझा अंदाज आहे.

जॅकी मॉर्स केसलर यांची ‘हंगर’ ही २०१० सालची कादंबरीही आहे. तिच्यातल्या १७ वर्षांच्या लिसाबेथला ॲनोरेक्सिया, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार आहे आणि बायबलमधल्या जगबुडीच्या चार घोडेस्वारांपैकी दुष्काळाची घोडेस्वार म्हणून तिलाच नेमलं जातं. इथे उपाशी राहण्याला आजारच म्हटलं आहे, म्हणून मला ती मोलाची वाटते. पण आत्ता नको. उपचार सुरू होऊन जेवणाची घडी बसू दे, मग समुपदेशकांना विचारून वाच.