चपट्या कृमींचं घराणं

ठाणे

प्रिय विद्यार्थ्यास,

एमएस्सीच्या प्रकल्पाला मुक्तजीवी चपटे कृमी घ्यावेत की परजीवी, असं विचारलंस. दोन्ही घे. एकाशिवाय दुसऱ्याचा उलगडा होत नाही.

पुस्तकात चपट्या कृमींचे टर्बेलेरिया, मोनोजेनिया, ट्रेमाटोडा (म्हणजे फ्लूक) आणि सेस्टोडा (म्हणजे पट्टकृमी) असे चार वर्ग असतात. त्यातला टर्बेलेरिया आधी डोक्यातून काढ. ते खरं कूळ नाही, परजीवी नसलेल्यांची ती खिचडी आहे. (फेकॅम्पिडांसारखे तिथलेही काही जण क्रस्टेशियनांच्या (खेकडे-कोळंबीच्या कुळातल्या प्राण्यांच्या) अंगात राहतात, पण त्यांची वाट निराळी.) उरलेल्या तिन्ही वर्गांचा पूर्वज मात्र एकच आणि तो त्या मुक्तजीवींमधूनच आला. 2015 साली जनुकांच्या मोठ्या तुलनांतून त्यांचा सर्वांत जवळचा मुक्तजीवी नातलग सापडला: बोथ्रिओप्लाना, गोड्या पाण्यातला काही मिलिमीटरचा कृमी. अ‍ॅसिल कृमींना (आधी तेही चपट्या कृमींतच धरले जात) या वंशवृक्षावर बसवू नकोस, 1999 च्या संशोधनाने त्यांना वेगळं काढलं आहे.

एकाच पूर्वजाचा पुरावा हवा तर कातडी बघ. लिव्हर फ्लूकची मिरॅसिडियम अळी अंड्यातून निघते तेव्हा प्लॅनेरिया या मुक्तजीवी चपट्या कृमीसारख्याच तिच्या अंगावर सिलिया, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू, असतात. ती गोगलगाईत शिरते, सिलियावाल्या पेशी गळून पडतात आणि खालून टेग्युमेंट, म्हणजे नवी कातडी, तयार होतं. त्यात पेशी वेगळ्या करणारी पटलं नाहीत, सगळं एकसंध, केंद्रकं खाली बुडालेली. फ्लूक, पट्टकृमी, माशांच्या कल्ल्यांवरचे मोनोजेनिया, तिघांतही हेच. या गटाला निओडर्माटा म्हणतात. पट्टकृमीला आतडंच नाही, तो याच त्वचेतून अन्न शोषतो. याला अधोगती म्हणणारे भेटतील. मला ते अजिबात पटत नाही, इतकी कामं करणारी कातडी प्लॅनेरियाकडे नाही.

आपल्या ठाण्यात तलावांना तोटा नाही. काठच्या गोगलगाई एकेक करून स्वच्छ पाण्याच्या बीकरमध्ये ठेव, सकाळी उजेडात आण. लागण झालेली असेल तर शेपटीवाल्या सर्केरिया, म्हणजे फ्लूकच्या पुढच्या टप्प्यातल्या अळ्या, वळवळताना दिसतील. प्लॅनेरियासाठी येऊरच्या ओढ्यांतले दगड उलटून बघ, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे, वनखात्याची परवानगी आधी काढ. डीएनए काढण्याआधी प्लॅनेरिया आठवडाभर उपाशी ठेव, नाहीतर तिने खाल्लेल्या भक्ष्याचा डीएनए तुझ्या वंशवृक्षात येऊन बसेल. आणि काही सर्केरिया माणसाच्या कातडीतही घुसतात, तेव्हा हातमोज्यांशिवाय त्या पाण्यात बोट बुडवायचं नाही.