समुद्रावरच्या हवेतलं आर्सेनिक कसं मोजतात, आणि तिथे मोजून मिळतं काय?

तुम्ही विचारलंय की हवेतलं आर्सेनिक मोजतात कसं, आणि भर समुद्रात ना भट्टी ना कारखाना, तर तिथे मोजण्यात अर्थ काय? असे फिल्टर तपासणं हेच माझं काम, त्यामुळे उत्तर मोजणाऱ्याच्या बाजूने देतो.

हवेतलं आर्सेनिक बहुतांश बारीक कणांमध्ये असतं. पंपाने हवा फिल्टरमधून ओढायची आणि फिल्टरवर जमलेलं तपासायचं, ही पद्धत जमिनीवर आणि समुद्रावर सारखीच. प्रमाणात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. वस्तीपासून दूर घनमीटरमागे ०.०२ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) इतकं कमी सापडतं, तर धातू गाळणाऱ्या भट्ट्यांजवळ १००० नॅनोग्रॅमच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. युरोपीय संघाने पीएम १० (१० मायक्रोमीटरपर्यंतचे हवेतले कण) मधल्या आर्सेनिकसाठी वार्षिक सरासरी ६ नॅनोग्रॅम हे लक्ष्य ठेवलं होतं, त्यावरून अंदाज येईल.

जमिनीवर डोकेदुखी शिशाची. क्ष-किरणांनी फिल्टर तपासला, तर प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेच्या रेषेवरून ओळखतात; आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आणि शिशाची १०.५५ ला. दोन्ही एकमेकांवर चढतात, आणि भट्टीच्या धुरात दोन्ही हातात हात घालूनच येतात. त्यामुळे फिल्टर आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसवर (नमुना तप्त ज्वालेत नेऊन अणू वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) तपासणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

पण समुद्रावरच्या फिल्टरला हेच यंत्र फसतं. मिनिटाला एक घनमीटर हवा ओढणारा पंप दिवसभरात १४४० घनमीटर हवा ओढतो. हवेत ०.०२ नॅनोग्रॅम आर्सेनिक असेल, तर फिल्टरवर जमतं जेमतेम २९ नॅनोग्रॅम. त्याच फिल्टरवर मिठातलं क्लोराइड सात-आठ मिलिग्रॅम सहज असतं, म्हणजे अडीच लाख पटींहून जास्त. यंत्राची ज्वाला आर्गॉनची. आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५ एकत्र आले की वस्तुमान होतं ७५, आणि आर्सेनिकचंही ७५च. बरं, निसर्गात आर्सेनिकचं दुसरं समस्थानिकच (वेगळ्या वस्तुमानाचा अणू) नाही, की ते मोजून सुटका करून घ्यावी. मीठ सरळ आर्सेनिक म्हणून मोजलं जातं! उपाय दोन: आत हीलियम सोडून त्या जोडगोळीचा वेग मारायचा, किंवा आत ऑक्सिजन घालून तो आर्सेनिकला जोडायचा आणि वस्तुमान ९१ वर नेऊन मोजायचं. दुसरा उपाय महाग यंत्रावरच होतो, पण मिठाच्या फिल्टरला मी तोच निवडेन. फिल्टर विरघळवताना हायड्रोक्लोरिक आम्ल टाळायचं, हे ओघाने आलंच.

जहाजावर आणखी एक भानगड: जहाजाचा स्वतःचा धूर. म्हणून पंप वाऱ्याच्या दिशादर्शकाला जोडतात. वारा पुढून येत असेल तेव्हाच तो चालतो. तरी शंका राहिली, तर व्हॅनेडियम आणि निकेल पाहायचे. जहाजाच्या जड तेलात हे दोन्ही असतात. एखादा फिल्टर हवा न ओढता तसाच नेऊन परत आणायचा, म्हणजे कोऱ्या फिल्टरचं आर्सेनिक वजा करता येतं. २९ नॅनोग्रॅमच्या हिशोबात ही वजाबाकी वगळली, तर आकडा कवडीमोल.

आता दुसरा भाग. हे आर्सेनिक समुद्राच्या तुषारांतून आलं असेल का? समुद्राच्या लिटरभर पाण्यात सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम आणि आर्सेनिक दीडेक मायक्रोग्रॅम. घनमीटरभर हवेत ३ मायक्रोग्रॅम सोडियम धरलं, तरी त्याच्यासोबत येणारं आर्सेनिक ०.०००५ नॅनोग्रॅमही भरत नाही. ०.०२ च्या तुलनेत चाळिसावा हिस्सादेखील नाही. धुळीचा वाटा ॲल्युमिनियमवरून काढतात. मातीत या दोघांचं प्रमाण साधारण ठरलेलं असतं. बहुतेकदा तोही वजा केला तरी बरंच उरतं. ते ज्वालामुखींचं, आणि मुख्यतः जमिनीवरच्या कोळशाचं नि तांब्याच्या भट्ट्यांचं. हे बारीक कण हवेत आठवडाभर टिकतात, तेवढ्यात अर्धा महासागर ओलांडतात. उत्तर गोलार्धात आकडे दक्षिणेपेक्षा जास्त येतात, ते याचमुळे. म्हणजे समुद्रावर मोजलं जातं ते जमिनीवरून निघालेलं, आणि आसपास भट्टी नसल्यामुळेच ते इतकं स्पष्ट दिसतं.

एक गोष्ट फिल्टरच्या हाती लागतच नाही: सूक्ष्मजीव तयार करतात ते आर्सेनिकचे वायू, उदाहरणार्थ ट्रायमिथाइलआर्सीन. ते फिल्टरमधून आरपार जातात. त्यांना पकडायला फिल्टरच्या मागे सिल्व्हर नायट्रेट लावलेली नळी जोडावी लागते.