महाराष्ट्रात लिबर्टेरियन विचाराचा तिसरा पक्ष वाढवायचा असेल तर स्ट्रॅटेजी काय असावी, लोकांना सांगायचं काय?

तुम्ही विचारलंय की "कमी सरकार, कमी टॅक्स, जास्त स्वातंत्र्य" या लाईनवर आपल्याकडे पक्ष वाढू शकतो का आणि अमेरिकेच्या लिबर्टेरियन पार्टीकडून काय घेता येईल. अमेरिकेचं आधी उरकतो. तो पक्ष 1971 पासून आहे, 2016 ला गॅरी जॉन्सनला 3 टक्क्यांच्या थोडी वर मतं मिळाली तीच त्यांची अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली सगळ्यात मोठी मजल, आणि 2024 ला परत अर्ध्या टक्क्याच्या आत. त्यांच्याकडून उचलण्यासारखं मला फार दिसत नाही. याच्यापेक्षा मोठे प्रयोग आपल्याकडे होऊन गेलेत, एक देशपातळीवर आणि एक आपल्याच महाराष्ट्रात, आणि ते कुणी नीट अभ्यासत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिला प्रयोग राजाजींचा, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींचा, स्वतंत्र पक्ष. 1959 च्या जानेवारीत नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यात सहकारी शेतीचा ठराव झाला, आणि त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा या लोकांनी पक्ष काढला. बघा, "स्वातंत्र्य" नावाच्या हवेतल्या गोष्टीवर तो पक्ष उभा राहिला नाही, "तुझी जमीन जाणार आहे" या भीतीवर उभा राहिला, आणि शेतकऱ्याला ती भीती समजावून सांगावी लागत नव्हती. लायसन्स-परमिट राज, म्हणजे प्रत्येक धंद्याला सरकारचा परवाना लागणं, हा शब्दही राजाजींचाच, आजही चालतो. 1962 ला लोकसभेत 18 जागा, 1967 ला 44, म्हणजे लोकसभेतला सगळ्यात मोठा विरोधी पक्ष. मग 1971 ला इंदिराबाईंनी "गरिबी हटाव" म्हटलं, समोरून सगळ्यांनी मिळून "इंदिरा हटाव" म्हटलं, आणि स्वतंत्र पक्ष 8 वर आला. 1974 ला विलीन होऊन संपला. माझ्या मते खरा घात त्या एका निवडणुकीने केला नाही. पक्षाचा चेहराच राजेरजवाडे आणि उद्योगपतींचा झाला होता. मुद्दा शेतकऱ्याच्या जमिनीचा, पण स्टेजवर बसलेल्या माणसांकडे बघून गरीब माणसाला हे आपले वाटलेच नाहीत.

दुसरा प्रयोग शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा, आणि मी निफाड तालुक्यातल्या कांदावाल्या घरातला असल्यामुळे यावर जरा जास्त बोलणार. स्वित्झर्लंडची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला येऊन कोरडवाहू शेती करणारा हा माणूस, यांनी मुक्त बाजाराचं अर्थशास्त्र खेड्यातल्या, फारशी शाळा न शिकलेल्या माणसाच्या तोंडी बसवलं. "भीक नको, हवे घामाचे दाम." "शेतकऱ्याचे मरण हेच सरकारचे धोरण." "सरकार समस्या क्या सुलझाए, सरकार खुद समस्या है." जगातल्या कुठल्याही लिबर्टेरियन पक्षाला इतक्या कमी शब्दांत इतकं नेमकं बोलायला जमलं असेल असं मला वाटत नाही. आणि मागणी एकच, शेतमालाला रास्त भाव, आणि त्याच्यामागचं कारणही एकच, भाव पडत नाहीत तर सरकार निर्यातबंदी, झोनबंदी (माल ठरावीक भागाबाहेर न्यायला बंदी), लेव्ही (सरकारी दराने सक्तीची खरेदी) लावून ते पाडतं. लक्ष्मीमुक्ती बघा. स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कावर भाषण द्यायचं सोडून बायकोच्या नावावर शेत कर असं सांगितलं, आणि हजारो लोकांनी तलाठ्याकडे जाऊन केलं सुद्धा. सातबाऱ्यावर आईचं नाव चढलं की त्या घरात व्यक्तिस्वातंत्र्य काय असतं ते कुणाला वेगळं शिकवायला लागत नाही.

मग पक्ष का नाही वाढला? 1994 ला स्वतंत्र भारत पक्ष निघाला, पण त्याआधी वर्षानुवर्षं संघटनेने निवडणुकीपासून लांब राहायचं हेच कार्यकर्त्यांना शिकवलं होतं. सभेला लाखो यायचे, लाल बिल्ला छातीवर लावायचे, आणि मतदानाच्या दिवशी आपापल्या जातीच्या, सोसायटीच्या, कारखान्याच्या पुढाऱ्याला मत देऊन मोकळे व्हायचे, कारण ऊस तोडून न्यायला आणि पीककर्ज मंजूर करायला तोच लागतो. आंदोलनाला आलेला माणूस आपला मतदार आहे असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. पुढे 2004 मध्ये जोशीसाहेब भाजप-सेनेच्या मदतीने राज्यसभेवर गेले आणि त्याच सुमाराला राजू शेट्टी संघटनेतून वेगळे झाले. शेट्टींनी ऊसदर हा एकच विषय, दोन-तीन जिल्हे, असं घट्ट धरलं आणि 2009 आणि 2014 ला हातकणंगल्यातून खासदार झाले. त्यांचं अर्थशास्त्र मला पटत नाही, ते सरकारकडूनच दर बांधून मागतात, पण विषय एक आणि इलाखा एक हे त्यांचं गणित बरोबर होतं.

आपल्या विचाराचं तसं एकच उदाहरण उरलंय, राजुरा. चंद्रपूर जिल्ह्यात वामनराव चटप स्वतंत्र भारत पक्षाकडून आमदार झालेत, आणि 2019 ला तिरंगी लढतीत साधारण अडीच हजार मतांनी पडले. राज्यात नावही न घेतल्या जाणाऱ्या पक्षाला एका मतदारसंघात 57 हजारांच्या वर मतं पडली. ती विचारांची मतं होती का? थोडी असतील. बाकीची त्या माणसाची, वेगळ्या विदर्भाच्या मागणीची, आणि इतकी वर्षं तहसील कचेरीत लोकांची कामं घेऊन जाण्याची.

म्हणून माझा सल्ला. 288 जागा लढवायचं डोक्यातून काढून टाका. "मत वाया जाईल" ही लोकांची भीती खोटी नाहीये, आपल्याकडे जो पहिला येतो तोच निवडून येतो, दुसऱ्या-तिसऱ्याला काही नाही. चार-पाच तालुके निवडा आणि तिथे आधी बाजार समिती, सोसायटी, ग्रामपंचायत लढवा, हरलात तरी त्याच माणसाला तिथे पाच वर्षं फिरवा.

आता लोकांना सांगायचं काय ते. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हाचं आमच्याकडचं सांगतो. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर लावून उभे असलेले लोक, व्यापारी ढिगात हात घालून कांदा बघतोय आणि बोली काल होती त्याच्या कितीतरी खालून सुरू होतेय, आणि माझ्या शेजारचा एक म्हातारा बाबा हिशोबपट्टी हातात धरून मला म्हणाला, "मला अनुदान नको रे बाबा, फक्त आमच्या मधी नका येऊ." त्याने कुठल्या अर्थशास्त्रज्ञाचं नाव ऐकलेलं नाही. तुमच्या पक्षाचा अख्खा जाहीरनामा त्याच्या त्या एका वाक्यात आहे. 2024 च्या लोकसभेला दिंडोरी-नाशिकमध्ये सत्ताधाऱ्यांना हा राग चांगलाच भोवला. पण मतं गेली कुणाला? महाविकास आघाडीला, आणि त्यातल्या काँग्रेसने स्वतः सत्तेत असताना कांद्याची निर्यात अडवलेली आहे. त्या चार-पाच महिन्यांत "कांद्यात सरकारने हात घालायचाच नाही, पाडायलाही नाही आणि चढवायलाही नाही" असं म्हणणारा माणूस गावोगाव फिरायला पाहिजे होता, आणि आम्ही सगळे व्हॉट्सॲपवर लेख फॉरवर्ड करत बसलो होतो.

तर प्रत्येक ठिकाणी एक बंदी शोधा, ज्याचा चटका रोज बसतो अशी. अकोला-अकोटकडे सरकारने परवानगी न दिलेलं, तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं. 2019 च्या जूनमध्ये अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते उघडपणे, गुन्हे दाखल होतील हे माहीत असून लावलं, आणि निंदणीची मजुरी ज्याला परवडत नाही त्याला ते आंदोलन लगेच कळलं. कोरडवाहू भागात म्हातारा बैल, 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर तो विकता येत नाही आणि पोसताही येत नाही. शहरात हातगाडीवाला, त्याचा माल उचलून नेतात तेव्हा त्याला परवाना राज म्हणजे काय हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि पुण्यात हिंजवडीला नोकरी करणारी शेतकऱ्यांची पोरं, त्यांच्यासाठी किसानपुत्र आंदोलनवाले सीलिंग (जमीन किती ठेवायची याची मर्यादा), आवश्यक वस्तू आणि भूसंपादन कायद्यांचा मुद्दा मांडतात तो मला फार दमदार वाटतो. डॉक्टरने दहा हॉस्पिटलं काढली तर चालतं, शेतकऱ्याने 54 एकरांच्या वर कोरडवाहू जमीन ठेवली तर कायदा आडवा येतो, हे त्या पोराला एकदा सांगितलं की तो स्वतःच चार जणांना सांगतो.

एक अडचण लपवून ठेवू नका. ज्याला निर्यात खुली पाहिजे त्यालाच हमीभावही पाहिजे आणि लाईटबिलही माफ पाहिजे, आणि तो सभेत उभा राहून विचारणारच की तुम्ही आलात तर आमचं अनुदान बंद करणार का. इथे गुळमुळीत बोललात की संपलं. जोशींची मांडणी इथे कामाला येते, की सरकारने भाव पाडून तुझ्याकडून जेवढं काढून घेतलं ते तुला दिलेल्या अनुदानापेक्षा कितीतरी जास्त आहे, म्हणून आधी लूट थांबवू, हिशोब चुकता करू, आणि मग अनुदानाचं बोलू. हाच क्रम ठेवा. आधी अनुदान काढायची भाषा केलीत तर पुढचं कुणी ऐकायलाच थांबणार नाही.

आणि कायद्याची एक गोष्ट माहीत असू द्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 29अ कलमाखाली पक्षाची नोंदणी करताना समाजवादावर निष्ठा आहे असं पक्षाच्या घटनेत लिहून द्यावं लागतं, 1989 पासून. स्वतंत्र पक्षाच्या जुन्या लोकांनी याविरुद्ध मुंबई हायकोर्टात याचिकाही केली होती. काही मित्र म्हणतात की खोटं लिहून देऊन पक्ष काढायचाच नाही. मला ते मान्य नाही. लिहून द्या, नोंदणी करा, आणि पहिल्या सभेपासून उघड सांगा की हे कलम काढायला आम्ही उभे आहोत.

तुम्ही कुठल्या जिल्ह्यातले आहात ते कमेंटमध्ये लिहा. नाशिक, नगर, धुळ्याकडचे असाल तर बाजार समितीच्या निवडणुकीचं मतदान कसं असतं, ग्रामपंचायत गटातून अर्ज कसा भरायचा, हे मी सविस्तर सांगू शकतो.