राजीनामा ‘दिला’ की ‘केला’?

मुलुंडहून एका वाचकांनी विचारलं आहे. त्यांच्या इमारतीत वरच्या घराच्या न्हाणीघरातून खालच्या घरात पाणी झिरपत होतं. दोन्ही घरांचं बोलणं बंद, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा ते ठरेना. सोसायटीच्या बैठकीत मूळचे उज्जैनचे असलेले एक सदस्य सचिवांना म्हणाले, ‘अरे साहब, राजीनामा करवा दीजिए, बात खतम.’ सचिव भडकले. गळती यांची आणि राजीनामा मी का द्यायचा? पुढची दहा मिनिटं गळती बाजूलाच राहिली. प्रश्न दोन आहेत. उज्जैनकरांनी शब्द चुकीचा वापरला का? आणि प्रकरण आता मिटलंय, तर इतिवृत्तात ‘तडजोड’ लिहायचं, ‘समेट’ लिहायचं की आणखी काही?

उज्जैनकर चुकले नाहीत. मध्य प्रदेश, राजस्थान या भागांतल्या कोर्टकचेरीच्या हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी आपसांत मिटवलं असं लिहून देणं. पद सोडण्याला ते लोक ‘इस्तीफा’ किंवा ‘त्यागपत्र’ म्हणतात. त्यामुळे तिकडे राजीनामा ‘करतात’ किंवा तो ‘होतो’, आणि त्याला दोघे लागतात. आपल्याकडे तो ‘देतात’, एकट्याने.

गंमत अशी की जुन्या मराठीतही हा शब्द भांडणाच्याच दालनात होता. ‘राजी’ अरबी, ‘नामा’ फारसी; दोन्ही मिळून संमतीचा कागद. मराठेशाहीत वतनाचा किंवा हद्दीचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे भाऊबंद आणि गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे, आला की वादी आणि प्रतिवादी दोघांकडून आधी राजीनामा घेत. अमुक ठिकाणी, अमुक गोताने सांगितलेलं आम्हाला मान्य, असा त्याचा आशय. जोडीला जामीन. मग साक्षी, पुरावे, निवाडा, आणि शेवटी हरलेल्या पक्षाने लिहून द्यायचं ते ‘येजितखत’: मी हरलो, यापुढे या बाबतीत कटकट करणार नाही. जिंकणाऱ्याकडून सरकार ‘हरकी’, म्हणजे जिंकल्याच्या आनंदाची रक्कम, घेई, आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’, म्हणजे दंड. सरकारचं नुकसान कुठेच नाही, हे जाता जाता नोंदवतो.

मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल पहिलं वाटतं. निकाल काय लागणार हे कोणालाच ठाऊक नसताना संमती घ्यायची. निकाल लागल्यावर हरणारा कधीच राजी नसतो. समजा तंटा बैलाचा आहे; गोताने बैल म्हातारा म्हटला काय आणि तरणा म्हटला काय, ज्याचा बैल गेला तो कुरकुरणारच. पण स्वतःच्या हाताने आधी लिहून दिलेलं नाकारायला चारचौघांत जड जातं.

मग हा संमतीचा कागद नोकरी सोडण्याचा कागद कसा झाला? माझा तर्क जमीनमहसुलाकडे बोट दाखवतो. मुंबई इलाख्यात रयतवारी होती, म्हणजे सरकार सारा थेट शेतकऱ्याकडून घेई. खातेदाराला जमीन सोडायची असली की तो सरकारला राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा नवा खातेदार ‘कबुलायत’, म्हणजे जमीन कबूल असल्याचा कागद, देई. १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल अधिनियमाच्या काळात ही जोडगोळी तलाठ्यापासून मामलेदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होती. म्हणजे ‘मी राजी आहे’ यातला अर्थ ‘मी सोडायला राजी आहे’ एवढाच उरला. एकदा जमीन सोडण्याचा कागद राजीनामा झाल्यावर खुर्ची सोडण्याचा व्हायला कितीसा वेळ लागणार! गुजराती आणि कन्नडमध्येही शब्दाचा अर्थ आपल्यासारखाच आहे, आणि त्या भाषांचा मोठा मुलूख याच इलाख्यात होता. तेलुगूतही पदत्यागच आहे, आणि तो मुलूख इलाख्याबाहेरचा. तिथे माझा तर्क लंगडतो, हे कबूल.

याच अरबी धातूची आणखी मंडळी मराठीत सुखाने राहतात. ‘मर्जी’ त्यातलीच, ‘नाराज’ही. आणि ‘रजा’! मुळात रजा म्हणजे संमती, परवानगी. साहेबाची रजा घेऊन माणूस गावी जायचा. पुढे परवानगी मागे पडली आणि जाणं तेवढं राहिलं. रजा आणि राजीनामा, दोघांचीही मराठीत एकच गत झाली. हो म्हणण्याचे शब्द निघून जाण्याचे झाले. सचिवांचा राग त्यामुळे मला समजू शकतो, मुंबईच्या मराठीत वाढलेल्या माणसाला दुसरा अर्थ सुचणारच नाही.

आता इतिवृत्ताचं. इथे नामापेक्षा क्रियापदाकडे बघा. तडजोड ‘करतात’ किंवा ‘स्वीकारतात’, आणि दोघांनीही काहीतरी सोडलेलं असतं. म्हणूनच ‘मी तत्त्वांशी तडजोड करणार नाही’ असं छाती काढून म्हणता येतं. ‘मी समेट करणार नाही’ म्हणणारा नुसता हट्टी दिसतो. समेट बहुधा ‘घडवून आणतात’. त्यात तिसरा माणूस डोकावतो आणि हिशेबापेक्षा नात्याचा विचार जास्त असतो. सलोखा ही कृती नाही, ती स्थिती आहे. तो ‘राखतात’, ‘नांदतो’. सरकारने शेतजमिनींच्या ताब्याची अदलाबदल सोपी करणारी योजना २०२३ मध्ये आणली, मुद्रांक शुल्क नाममात्र हजार रुपये, आणि तिला नाव दिलं ‘सलोखा योजना’. त्याआधी २००७ पासून गावांसाठी मोहीम होती ती ‘तंटामुक्त’. तंट्यातून मुक्ती हे उद्दिष्ट मला जरा अवाजवी वाटतं. माणसं शेजारी राहणार म्हणजे तंटा होणार. सलोखा हा शब्द निदान जमिनीवर उभा आहे.

दोन शब्दांची मात्र गल्लत करू नका, सोसायट्यांच्या पत्रांत ती सर्रास दिसते. मध्यस्थ दोघांना बोलतं करतो, निकाल देत नाही. लवाद निकाल देतो, त्याला ‘निवाडा’ म्हणतात आणि तो बंधनकारक असतो. तुमच्या पत्रात अध्यक्षांनी ‘लवाद म्हणून काम पाहिलं’ असं आहे. त्यांनी दोन्ही घरी जाऊन चहा घेतला आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायला दोघांना तयार केलं, निकाल काही दिला नाही. तर ती मध्यस्थी झाली. ‘लवाद’ लिहिलंत आणि उद्या कज्जेदलालाच्या हाती ते इतिवृत्त लागलं, तर लवाद नेमण्याचा लेखी करार कुठे आहे, हा त्याचा पहिला प्रश्न असेल.

आधी संमती घेण्याचा तो आग्रह नव्या कायद्यातही आहे, पुन्हा तोच जुना राजीनामा. २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमात सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तीतल्या रहिवाशांची शांतता बिघडवू शकतील असे वाद, तीन मध्यस्थांचं मंडळ, आणि त्याआधी दोन्ही बाजूंची परस्पर संमती. गोतसभेतल्या कारकुनाला हे कलम वाचून नवल वाटलं नसतं.

तुमच्या प्रकरणात पैसे वाटून घेतले आहेत, तेव्हा ‘तडजोड’ हाच नेमका शब्द. दोन्ही घरं पुन्हा बोलू लागली तर खुशाल ‘समेट’ म्हणा, पण ते तोंडी. इतिवृत्तात कोण कोणाशी बोलतं हे लिहायचं कारण नाही. मजकूर असा चालेल: ‘अध्यक्षांच्या मध्यस्थीने दोन्ही सदस्यांनी गळतीच्या दुरुस्तीचा खर्च समान वाटून घेण्याची तडजोड मान्य केली.’ खाली दोघांच्या सह्या, आणि त्या गवंडी फरशी फोडायला येण्याआधी घ्या.