असमिया बोलणाऱ्या मुलांना 'ऑल्दो', 'डिस्पाइट', 'हाउएव्हर' कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की जोरहाटमधली तुमची मुलं 'ऑल्दो' आलं की पुढे 'बट' लावतातच, आणि 'डिस्पाइट इट रेन्ड' असंही लिहितात. मी वरच्या आसामात काही वर्षं इंग्रजी शिकवलंय, त्यामुळे ही दोन्ही वाक्यं माझ्या चांगल्याच ओळखीची आहेत. नियमांचा तक्ता फळ्यावर लिहू नका. मुलांच्याच भाषेतले शब्द पुढे ठेवा, बरंचसं काम तेच करतात.

असमियात 'जदिओ' आलं की पाठोपाठ 'तथापि' येतं. आपल्या 'जरी–तरी'सारखीच जोडी, म्हणून तर मराठी मुलंही हीच चूक करतात. इंग्रजीत 'ऑल्दो' एकटं पुरतं. निमातीघाटहून ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर जाणारी फेरी पाणी चढलं की बंद होते, हे जोरहाटच्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. म्हणून उदाहरण तेच घ्या: 'ऑल्दो द रिव्हर रोज, द फेरी रॅन.' 'तथापि'ची जागा रिकामी राहिल्यासारखं वाटलं तर 'द फेरी स्टिल रॅन' म्हणू द्या, ते चालतं. 'बट' मात्र नको.

'डिस्पाइट'साठी 'सत्त्वेओ' हाताशी आहे. 'बरषुण सत्त्वेओ' किंवा 'बरषुण दिया सत्त्वेओ' म्हणतात, म्हणजे पाऊस असूनही, पाऊस पडत असूनही. 'सत्त्वेओ'च्या आधी नाम येतं, नाहीतर क्रियापदाचं नामासारखं झालेलं रूप. 'डिस्पाइट'चीही मागणी नेमकी तीच: 'डिस्पाइट द रेन'. फरक इतकाच की तिकडे शब्द मागे लागतो, इथे पुढे. मुलांना विचारा, असमियात 'जदिओ' म्हणशील की 'सत्त्वेओ'? 'जदिओ' असेल तर 'ऑल्दो' आणि पूर्ण वाक्य, 'सत्त्वेओ' असेल तर 'डिस्पाइट' आणि नाम. ('डिस्पाइट ऑफ'चं खापर मात्र असमियावर फोडू नका. ते 'इन स्पाइट ऑफ'मधून घुसतं आणि अख्ख्या देशात लिहिलं जातं.)

खरी गोची 'दिलेओ'ची आहे, आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. 'बरषुण दिलेओ जाम' म्हणजे पाऊस पडला तरी जाईन. 'बरषुण दिलेओ तेओँ आहिल' म्हणजे पाऊस पडला तरी तो आला. पहिल्या वाक्यात पाऊस अजून पडायचाय, कदाचित पडणारही नाही. दुसऱ्यात तो पडून गेलाय. असमियाला दोन्हीकडे एकच रूप चालतं, मराठीलाही चालतं, इंग्रजीला चालत नाही. पहिल्याला 'इव्हन इफ', दुसऱ्याला 'इव्हन दो'. इथे मातृभाषा मदतीला येत नाही, म्हणून सर्वात जास्त वेळ इथेच द्या. दर वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: गोष्ट घडून गेली का?

'हाउएव्हर'चं दुखणं विरामचिन्हांचं. मुलं ते 'किन्तु'सारखं मध्ये घालून स्वल्पविरामावर भागवतात. 'किन्तु'च्या जागी 'बट' बसतं. 'हाउएव्हर'ने दुसरं वाक्य सुरू करायचं असेल तर आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा.

राहिलं 'व्हेअरॅज'. ब्रह्मपुत्रा खोऱ्यात असमिया राजभाषा आहे, तर बराक खोऱ्यात सरकारी कामाला बंगाली. यात अपेक्षाभंग कसलाच नाही, दोन गोष्टी नुसत्या शेजारी ठेवल्यात. इथे 'व्हेअरॅज' शोभतं, 'ऑल्दो' उगाच नवल केल्यासारखं वाटतं. मुलं असमियात अशा ठिकाणी 'आनहाते' म्हणजे 'दुसरीकडे' म्हणतात, पण त्याने बहुधा नवं वाक्य सुरू होतं. 'व्हेअरॅज' मात्र त्याच वाक्यात राहतं. ते सुटं पडलेलं दिसलं की मधला पूर्णविराम खोडून ते आधीच्या वाक्याला जोडायला लावा.